विश्लेषण : दोन इमारतींमधले तीन मीटर आणि मानखुर्दचा क्षयरोग

झोपडी गेली, पक्के घर मिळाले, नळ आणि शौचालय घरात आले. तरीही गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींमधून क्षयरोग हटत नाही. घराची रचना माणसाच्या शरीरावर नेमका काय परिणाम करते? आणि धारावीतील काही कुटुंबे याच पट्ट्यात येण्याची शक्यता असताना हा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा का ठरतो?

भरदुपारी बारा वाजता तळमजल्यावरच्या खोलीत दिवा लावावा लागतो, हे मुंबईतील अनेक पुनर्वसन वसाहतींमधले नेहमीचे चित्र आहे. खिडकी आहे, पण तिच्यासमोर हात लांब करावा एवढ्या अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. मधल्या फटीत मलवाहिन्यांचे नळ, वरून टाकलेल्या कचऱ्याच्या पिशव्या आणि कायमचा ओलावा. खिडकी उघडली तर दुर्गंधी आणि डास येतात, म्हणून ती बंदच असते. छताचा पंखा चोवीस तास फिरत असतो, पण तो खोलीतलीच हवा फिरवतो. बाहेरची हवा आत आणण्याचे काम त्याचे नाही.

एखाद्या माणसाला कोणता आजार होणार, हे त्याच्या रक्तात आणि जनुकांत जेवढे लिहिलेले असते, तेवढेच ते महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशातही लिहिलेले असू शकते. मानखुर्दच्या बाबतीत ही अतिशयोक्ती नाही.

अभ्यासात काय आढळले?

मुंबई महापालिकेच्या एम-पूर्व प्रभागात गोवंडी, मानखुर्द, देवनार, शिवाजीनगर, बैंगनवाडी, चिता कॅम्प हा भाग येतो. याच प्रभागात देवनारची कचराभूमी आहे. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तेथील तीन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईतील संशोधकांनी मिळून केला. त्यासाठी निधी आला तो एमएमआरडीएशी संलग्न पर्यावरण सुधारणा सोसायटीकडून. म्हणजे ज्या यंत्रणेने लोकांना तिथे वसवले, तिच्याच घरातून. २०१८ मध्ये समोर आलेल्या आणि पुढे ‘सिटीज अँड हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४,०८० घरांचे सर्वेक्षण करण्यात आले.

लल्लूभाई आणि नटवर पारेख या वसाहतींत पाहणी केलेल्या कुटुंबांपैकी साधारण ८ ते १० टक्के कुटुंबांत क्षयरोग आढळला. पीएमजी कॉलनीत हेच प्रमाण जेमतेम १ टक्का होते. तिन्ही वसाहती एकाच प्रभागातल्या, तिन्ही अल्प उत्पन्न गटाच्या. फरक दिसला तो इमारतींच्या मांडणीत. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना जवळजवळ चिकटून उभ्या आहेत. पीएमजी कॉलनीत उंची कमी आणि अंतर जास्त. ज्या घरांत दिवसाचा प्रकाश, खेळती हवा आणि बाहेरचे मोकळे दृश्य कमी, त्या घरांवर क्षयरोगाचा भार अधिक, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

मात्र या आकड्यांवर उडी मारण्यापूर्वी थोडे सबुरीने घ्यायला हवे. हा एका वेळी केलेला पाहणी अभ्यास आहे. रुग्ण आजारी होऊनच या घरात राहायला आला की इथे येऊन आजारी पडला, हे अशा पाहणीतून ठामपणे सांगता येत नाही. कुटुंबाची मिळकत, आहार, मधुमेह, तंबाखू, कामाच्या जागेची अवस्था हे घटकही आहेत. पीएमजी कॉलनी ही वेगळ्या योजनेतून उभी राहिली, त्यामुळे तिथली लोकवस्तीही अगदी तंतोतंत सारखी असेल असे नाही. तरीही आठ-दहा पटींचा फरक ‘इतर कारणे असतील’ म्हणून बाजूला सारता येण्याजोगा नाही, विशेषतः इमारतीची रचना आणि हा जंतू यांचे नाते भौतिकशास्त्राच्या अंगाने नीट समजलेले असताना.

हवा आणि जंतू यांचे गणित काय?

रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. हा जंतू पाण्यातून नाही, तर हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, बोलतो, तेव्हा बाहेर पडणाऱ्या थेंबांतले पाणी क्षणात उडून जाते आणि काही मायक्रॉनचे कण उरतात. ते इतके हलके असतात की बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. थेट सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हा जंतू मारतात, तर वारा तो पातळ करतो. त्यामुळे ऊन आणि वारा ही दोन फुकटची औषधे आहेत. जिथे ती पोहोचत नाहीत तिथे जंतूला मुदतवाढ मिळते.

अभियंते आणि साथरोगतज्ज्ञ यासाठी वेल्स-रायली या नावाने ओळखले जाणारे समीकरण वापरतात. त्याचा सोपा अर्थ असा : संसर्गाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी तीन, म्हणजे खोलीतील रुग्णांची संख्या, ते बाहेर टाकत असलेले जंतूंचे प्रमाण आणि तुम्ही त्यांच्यासोबत घालवलेला वेळ. धोका कमी करणारी मुख्य गोष्ट एकच, ती म्हणजे दर तासाला खोलीत येणारी ताजी हवा. धोका लहान असतो तोवर ताजी हवा दुप्पट केली की तो साधारण निम्मा होतो. औषधाच्या गोळीने हे साधायचे तर आधी निदान व्हावे लागते. खिडकीला निदान लागत नाही.

आता घराचे माप घेऊ. सुरुवातीच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनांत सदनिका २२५ चौरस फुटांची होती. उंची नऊ फूट धरली तर आतली हवा साधारण ५७ घनमीटर. पाच जणांचे कुटुंब असेल तर माणशी ११-१२ घनमीटर. प्रत्येकाला सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळायला हवी असे धरले, तर खोलीतील सगळी हवा तासाला किमान तीन वेळा बदलली पाहिजे. समोरासमोर दोन खिडक्या आणि वाऱ्याला वाट असेल तर हे सहज होते. एकाच बाजूला खिडकी, तिच्यापुढे भिंत, दुसऱ्या बाजूला दोन्हीकडे घरे असलेला अंधारा मार्गिकेचा बोगदा आणि लाजेखातर बंद दार असेल तर होत नाही.

या संदर्भात संशोधक ‘हवेचे वय’ ही एक छान कल्पना वापरतात. बाहेरून आत आलेला हवेचा कण खोलीतल्या एखाद्या कोपऱ्यात पोहोचेपर्यंत किती वेळ गेला, ते त्या कोपऱ्यातल्या हवेचे वय. आयआयटी मुंबईतील अभ्यासकांनी पुनर्वसन सदनिकांच्या अंतर्गत मांडणीसाठी हे मोजमाप वापरले आहे. भिंतीची जागा, खिडकीची उंची, फर्निचरची मांडणी बदलली की हे वय बदलते. शिळे अन्न आपण वासाने ओळखतो. शिळी हवा मात्र ओळखू येत नाही, तिची सवय होते.

तीन मीटर आले कुठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत निम्मे शहर पळून गेल्यासारखे झाले. गिरण्या आणि बंदराचा व्यापार धोक्यात आला, तेव्हा ब्रिटिश सरकारने १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. कोंदट वस्त्यांमुळेच रोग होतो, अशी तेव्हाची पक्की धारणा होती. प्लेग प्रत्यक्षात उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे नंतर स्पष्ट झाले. म्हणजे निदान चुकले होते. पण उपाय म्हणून जी हवा आणि उजेड मागितला गेला, तो क्षयरोगासाठी अगदी अचूक होता. समुद्रावरची हवा गर्दीच्या वस्तीत यावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते वस्त्या पाडून काढले गेले. त्यात बेघर झालेल्यांनी आधीच गच्च असलेल्या शेजारच्या चाळींत आसरा घेतला, हा त्या सुधारणेचा कमी सांगितला जाणारा भाग.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी या काळात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. खोलीत पुरेसा उजेड येण्यासाठी समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंतची रेषा जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा जास्त कोन करू नये, असा हा नियम. शाळेतले त्रिकोणमितीचे कोष्टक आठवत असेल तर ६३.५ अंशांचा टॅन जवळपास २ येतो. म्हणजे मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या किमान निम्मी हवी. एका वसाहतवादी यंत्रणेने, गिरणी कामगारांच्या चाळींसाठी, शंभरहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिलेला हा मापदंड होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ परळच्या ज्या बीआयटी चाळीत राहिले, ती याच ट्रस्टची. खोल्या लहान, शौचालये सामायिक, पण समोर रुंद गॅलरी आणि इमारतींमध्ये अंतर.

आता हा नियम मानखुर्दला लावून पाहू. नटवर पारेख कंपाउंडमध्ये तळमजला अधिक सात मजल्यांच्या सुमारे ६० इमारती आहेत. उंची २३-२४ मीटरच्या आसपास. ऑर यांच्या नियमाने दोन इमारतींमध्ये किमान साडेअकरा-बारा मीटर हवेत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत सर्वसाधारण इमारतींसाठी बाजूच्या मोकळ्या जागेचा ढोबळ हिशेब उंचीच्या एक तृतीयांश असा होता. त्या मापाने सात-आठ मीटर. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी मात्र हे नियम शिथिल करण्यात आले आणि २४ मीटरपर्यंतच्या पुनर्वसन इमारतींमध्ये तीन मीटर अंतर चालवून घेतले गेले. तीन मीटरच्या फटीत कोन होतो ८२ अंशांहून अधिक. साडेत्रेसष्ट अंशांची अट तिथे फक्त सर्वांत वरचे दोन मजले पूर्ण करतात. खालचे सहा मजले ब्रिटिशांच्या चाळीच्या नियमातही नापास होतात.

नियम शिथिल का झाले, याला कारण आहे आणि ते पूर्णपणे चुकीचे म्हणता येत नाही. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. त्यामागची कल्पना अशी की सरकारच्या तिजोरीतून पैसा न घालता विकासकाने झोपडीधारकाला मोफत घर बांधून द्यावे आणि त्या बदल्यात त्याला विक्रीसाठी जादा बांधकाम करता यावे. ते त्याच जागेवर शक्य नसेल तर विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे टीडीआर घेऊन दुसरीकडे वापरावे. या हिशेबात एका भूखंडावर जितकी जास्त घरे बसतील तितका प्रकल्प फायद्याचा. म्हणून या योजनेत घनतेची कमाल नव्हे, तर किमान मर्यादा आहे. आधी ती हेक्टरी ५०० सदनिका होती, २०३४ च्या विकास नियमावलीत ती ६५० झाली. घरटी पाच माणसे धरली तर हेक्टरी ३,२५० लोक, म्हणजे माणशी साधारण तीन चौरस मीटर जमीन. यातच इमारत, रस्ता, बालवाडी, पाण्याची टाकी सगळे आले. आणि ही किमान मर्यादा आहे, हे पुन्हा सांगायला हवे.

टीडीआरचा व्यवहार आणखी एका नजरेने पाहता येतो. मानखुर्दसारख्या स्वस्त जमिनीवर दाटीवाटीने घरे बांधून मिळालेले विकास हक्क महागड्या उपनगरात वापरले जातात. इकडे खिडकीपुढची कापलेली मोकळी जागा तिकडे कुणाच्या तरी विसाव्या मजल्यावरचे समुद्रदर्शन होऊन विकली जाते. कागदोपत्री यात काहीही बेकायदा नाही.

झोपडीपेक्षा हे घर बरे नाही का?

हा आक्षेप हमखास घेतला जातो आणि त्यात तथ्यही आहे. रेल्वे रुळांच्या कडेला, मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या आड आलेल्या झोपड्यांतून ज्यांना इथे आणले गेले, त्यांच्यासाठी दरवाजाला कडी असलेले, पावसात न गळणारे घर ही मोठी गोष्ट होती. मुलीबाळींना शौचालयासाठी अंधारात रुळांवर जावे लागत नाही, याची किंमत हवेच्या आकड्यांत मोजता येणार नाही. झोपडपट्टीतही हवा कोंदट असते, छताचे पत्रे तापतात, क्षयरोग तिथेही आहे.

पण एक फरक नकाशात दिसत नाही. झोपडीत माणूस आत कमी राहतो. भांडी दाराबाहेर घासली जातात, लसूण ओट्यावर बसून सोलला जातो, म्हातारी माणसे गल्लीत खाट टाकून पडतात, मुले अभ्यासही उंबरठ्यात करतात. घर दहा बाय दहाचे असले तरी राहण्याची जागा गल्लीभर पसरलेली असते. सातव्या मजल्यावर गेले की ही गल्ली नाहीशी होते. उद्वाहक बंद पडला आणि देखभालीसाठी सोसायटीकडे पैसा नसला की ज्येष्ठ मंडळी दिवसेंदिवस खाली उतरत नाहीत. समीकरणातला ‘वेळ’ हा घटक इथे गुपचूप वाढतो. तीच माणसे, तोच आजार, पण बंद हवेतले तास दुप्पट.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. कमावता पुरुष दिवसाचे दहा-बारा तास बाहेर असतो. घरकाम करणारी, मणी ओवणे, जरीकाम, पापड-लाडू असे घरबसल्या काम घेणारी स्त्री दिवसभर त्याच हवेत असते. त्यात स्वयंपाकाची वाफ आणि फोडणीचा धूर. तीन मीटरवर परक्याची खिडकी असल्याने पडदा ओढावाच लागतो. वास्तुविशारदाने खिडकी उघडी धरून हवेचा हिशेब केलेला असतो. ती खिडकी अब्रू, दुर्गंधी, डास आणि चोरी या चार कारणांनी बंद राहणार, हे त्याच्या आज्ञावलीत नसते. जंतू, भिंत आणि लाज यांचा गुणाकार होतो तो इथे. हे समजायला नुसता डॉक्टर किंवा नुसता अभियंता पुरत नाही.

याचा समाजशास्त्राशी संबंध काय?

शरीर ही निसर्गाने दिलेली खासगी वस्तू आहे आणि समाज तिच्याबाहेर सुरू होतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९३४ मधील एका व्याख्यानात तिला पहिला मोठा धक्का दिला. चालणे, पोहणे, उकिडवे बसणे, झोपणे, इतकेच काय, पण सैनिकांनी फावडे चालवणे हेदेखील समाजाकडून शिकलेले असते, असे त्यांनी दाखवले. १९८४ मध्ये ब्रायन टर्नर यांचे ‘द बॉडी अँड सोसायटी’ हे पुस्तक आले आणि शरीराचे समाजशास्त्र ही स्वतंत्र शाखा म्हणून स्थिरावली. त्याच्याही कितीतरी आधी, १८४८ मध्ये, जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्शो यांनी अप्पर सिलेशियातील टायफसच्या साथीचा अहवाल देताना औषधांबरोबरच शिक्षण, रोजगार आणि स्थानिक स्वराज्याची शिफारस केली होती. सरकारला ते आवडले नाही, हे वेगळे सांगायला नको.

या विषयाचे मुंबईशी असलेले नाते फारसे कुणाला आठवत नाही. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, देशातील अशा पहिल्या विभागांपैकी तो एक. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे मुळात जीवशास्त्राचे अभ्यासक आणि नगररचनाकार होते. विभागाचे नावही ‘नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्र’ असे होते. वस्ती सरसकट पाडून रस्ते काढण्याच्या पद्धतीला गेडिस यांचा विरोध होता. घरे, माणसे आणि त्यांचे व्यवसाय एकत्र पाहावेत, जिथे हवाच कोंडली आहे तेवढाच भाग नाजूक हाताने मोकळा करावा, असा त्यांचा आग्रह. म्हणजे शरीर, घर आणि समाज यांचा एकत्र विचार करणारी विद्याशाखा या शहरात शतकभरापूर्वीच आली होती. नंतर ती वर्गात राहिली आणि बांधकाम नियमावली दुसऱ्या इमारतीत लिहिली गेली.

केवळ औषधांनी प्रश्न सुटेल का?

औषधांशिवाय तर सुटणारच नाही. भारतात क्षयरोगाचे नवे रुग्ण २०१५ मध्ये लाखामागे २३७ होते, ते २०२४ मध्ये १८७ वर आले. ही २१ टक्के घट जगाच्या सरासरीपेक्षा चांगली आहे. पण २०२५ पर्यंत क्षयरोगमुक्तीचे देशाने ठरवलेले उद्दिष्ट यापेक्षा फार पुढचे होते आणि जगातील साधारण एक चतुर्थांश रुग्ण अजूनही भारतात आहेत.

जंतू शरीरात शिरलेल्यांपैकी आयुष्यभरात ५ ते १० टक्के लोकच आजारी पडतात. कोण पडणार, हे मुख्यतः प्रतिकारशक्ती ठरवते आणि ती पुन्हा ताटात काय आहे यावर अवलंबून. झारखंडमध्ये झालेल्या ‘राशन्स’ या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. रुग्णाच्या घरातील इतर सदस्यांना नेहमीपेक्षा जादा धान्य-डाळ दिल्यावर त्यांच्यात क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि संसर्गजन्य फुप्फुसाच्या क्षयरोगाचे ४८ टक्क्यांनी घटले. लस नाही, नवे औषध नाही, मुख्यतः तांदूळ आणि डाळ. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेतील रुग्णाचे मासिक साहाय्य ५०० वरून १,००० रुपये केले, ते याच दिशेचे पाऊल.

आहाराचा मुद्दा अशा रीतीने धोरणात शिरला. घराचा मुद्दा अजून शिरलेला नाही. क्षयरोगाचा कार्यक्रम आरोग्य खात्याकडे, घरे गृहनिर्माण खात्याकडे, नियमावली नगरविकास खात्याकडे आणि साफसफाई महापालिकेकडे. रुग्ण सहा महिने गोळ्या घेऊन बरा होतो आणि त्याच खोलीत, त्याच हवेत राहतो. रुग्णाच्या नोंदीत त्याचे वय, वजन, मधुमेह, एचआयव्ही यांची माहिती असते. तो कोणत्या मजल्यावर राहतो आणि त्याच्या खिडकीपासून समोरची भिंत किती अंतरावर आहे, हे टिपले तर प्रभागाचा नकाशा फार वेगळा दिसेल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, एक जादा रकाना पुरतो.

उभ्या असलेल्या इमारतींचे काय करायचे, हा सर्वांत अवघड भाग. त्या पाडता येणार नाहीत. फटीतला कचरा नियमित काढणे, गळके नळ बदलणे, मार्गिकांच्या टोकाच्या बंद केलेल्या जाळ्या उघडणे, दारावर झडप बसवणे, बाहेर हवा फेकणारा पंखा लावणे, गच्ची आणि मधली अंगणे लोकांना वापरण्याजोगी करणे, हे होऊ शकते. नटवर पारेखमध्ये वास्तुविशारद आणि रहिवाशांनी मिळून काही मोकळ्या जागा आणि परिसर सुधारण्याचे प्रयत्न केलेही आहेत. फट रुंद होणार नाही, पण खिडकी उघडण्याजोगी होऊ शकते, आणि वरच्या समीकरणाच्या दृष्टीने त्यालाही अर्थ आहे.

आता हा विषय ऐरणीवर का?

कारण याच प्रभागात पुढचे मोठे पुनर्वसन येऊ घातले आहे. धारावी पुनर्विकासात १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील पात्र रहिवाशांना धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर मिळणार आहे. त्यानंतरचे आणि वरच्या मजल्यांवरचे रहिवासी यांच्यासाठी ३०० चौरस फुटांची घरे धारावीबाहेर प्रस्तावित आहेत. त्यासाठी निवडलेल्या जागांमध्ये देवनार कचराभूमीची १२४ एकर जमीन आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती देण्यास मान्यता दिली. तिथे साचलेला १८५ लाख टन कचरा हटवण्यासाठी महापालिकेने मे २०२५ मध्ये सुमारे २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. कचऱ्यातून निघणारा वायू, जमिनीत मुरलेले सांडपाणी आणि परिसरातली आधीच वाईट असलेली हवा यांवरून आक्षेप घेतले गेले आहेत.

या चर्चेत चौरस फुटांचा उल्लेख सतत होतो. २२५ चे २६९ झाले, मग ३००, धारावीत ३५०, वरळीच्या बीडीडी चाळीत ५००. बीडीडीच्या पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या, तेव्हाही १६० चौरस फुटांवरून ५०० वर झालेली उडी हीच मोठी बातमी होती. चौरस फूट जाहिरातीत छापता येतो, सभेत घोषित करता येतो. दोन इमारतींमधले अंतर, खिडक्यांची दिशा, हेक्टरी सदनिका आणि तळमजल्यावर किती तास ऊन येणार, हे आकडे मात्र नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात राहतात. देवनारच्या प्रस्तावित वसाहतीसाठी हे चार आकडे काय असतील, यावर तिथे राहायला येणाऱ्यांची फुप्फुसे अवलंबून आहेत. तीन मीटरची सवलत तिथेही लागू करायची की नाही, हे ठरवण्याची वेळ आराखडे मंजूर होण्यापूर्वीची आहे. पायलिंग सुरू झाल्यावर इमारत सरकवता येत नाही.